विश्लेषण : रंग पक्का, तरीही काळा फिका का दिसायचा? रसायनतज्ज्ञ शेव्रूल यांनी चित्रकलेला काय दिले?

पॅरिसमधील गोबलँ हा फ्रान्सच्या राजाश्रयाखालील विणकामाचा प्रसिद्ध कारखाना. भिंतीवर टांगायची विणलेली चित्रे, म्हणजे टॅपेस्ट्री, तिथे तयार होत. चित्रकार नमुना देई आणि विणकर रंगीत लोकरीच्या धाग्यांतून ते चित्र उतरवत. मिशेल यूजेन शेव्रूल हे रसायनतज्ज्ञ १८२४ मध्ये या कारखान्याच्या रंगाई विभागाचे संचालक झाले. तिथे त्यांच्याकडे एक तक्रार आली. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या घड्यांमधील सावल्यांसाठी वापरलेली काळी लोकर निस्तेज दिसते, तिला जोर नाही. सगळ्यांच्या मते दोष रंगाऱ्यांचा होता. काळा रंग कच्चा निघतो, म्हणजे रंगाई नीट होत नाही, असा सरळ हिशेब होता.

शेव्रूल यांना रसायनशास्त्र येत असल्यामुळेच तर त्या पदावर नेमले होते. त्यांनी घोळ रंगाच्या कढईत शोधणे अपेक्षित होते. निष्कर्ष मात्र उलटा निघाला.

चरबीचा अभ्यासक रंगाकडे कसा वळला?

शेव्रूल यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्समधील आंजे शहरात, डॉक्टरच्या घरात झाला. बालपण फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत गेले. १८०३ मध्ये ते पॅरिसला आले आणि व्होक्लँ या नामवंत रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत काम शिकले.

१८११ मध्ये डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणाचा नमुना त्यांच्याकडे तपासणीसाठी आला. त्यातून सुरू झालेले काम १८२३ पर्यंत चालले. चरबी हा एकच पदार्थ नसून मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांचा संयोग आहे, हे त्यांनी दाखवले. स्टिअरिक, ओलेइक ही मेदाम्ले त्यांच्याच कामातून पुढे आली. आज लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमध्ये दिसणाऱ्या कोलेस्टेरॉलचे मूळ नाव, कोलेस्टेरिन, हेही त्यांनीच दिले. चरबीच्या मेणबत्त्या धूर सोडत, त्यांना वास येई, उन्हाळ्यात त्या मऊ पडत. स्टिअरिक आम्लाची मेणबत्ती घट्ट राहते आणि स्वच्छ जळते. १८२५ मध्ये शेव्रूल यांनी गे-ल्युसॅक यांच्यासोबत तिचे पेटंट घेतले. धंदा मात्र त्यांना जमला नाही, तो नंतर इतरांनी चालवला.

म्हणजे गोबलँला आले तेव्हा ते चित्रकलेतले कुणी नव्हते, पण पदार्थाचे घटक वेगळे करून पाहण्याची सवय पक्की होती.

काळ्या लोकरीत नेमके काय चुकत होते?

शेव्रूल यांनी आधी रंगाऱ्यांवर शंका घेतली, हे मान्य करायला हवे. गोबलँची काळी लोकर त्यांनी फ्रान्समधील इतर कारखान्यांच्या तसेच इंग्लंड आणि व्हिएन्नाच्या उत्तम काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. गोबलँची लोकर कुठेही कमी पडत नव्हती. धागा सुटा धरला की काळा काळाच दिसे. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला की तोच धागा विटल्यासारखा वाटे.

दोष रंगात नव्हता, शेजारात होता. दोन रंग शेजारी आले की डोळा प्रत्येकावर दुसऱ्याच्या विरोधी रंगाची छटा चढवतो. निळ्याचा विरोधी नारिंगी, जांभळ्याचा हिरवट पिवळा. गडद निळ्यालगतच्या काळ्यावर नारिंगी झाक येते आणि काळा मळकट वाटतो. उजेड-अंधाराचेही तसेच. मोबाइलवर एकाच करड्या रंगाचे दोन चौकोन काढा, एक पांढऱ्यावर, एक काळ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल.

हा परिणाम त्याआधीही काहींच्या लक्षात आला होता. शेव्रूल यांनी त्याचा नियम बांधला आणि कारखान्यात वापरता येईल असा केला. १८२८ मध्ये त्यांनी हे काम फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवले. १८३९ मध्ये रंगांच्या एकसमयी विरोधाच्या नियमावर त्यांचे जाडजूड पुस्तक आले. त्यात चित्रकार, गालिचे विणणारे, रंगीत काचेची कामे करणारे, छपाईवाले, शिंपी, इतकेच काय बागा लावणाऱ्यांसाठीही सूचना आहेत. विरोधी रंगांचा लष्करी गणवेश जुना झाला तरी जास्त काळ चांगला दिसतो, असा हिशेबी सल्लाही आहे.

एक बारकावा महत्त्वाचा. लाल आणि हिरव्याचे मोठे पट्टे शेजारी ठेवले तर दोन्ही झगझगीत होतात. तेच रंग बारीक धाग्यांत गुंफून लांबून पाहिले तर डोळ्यात मिसळतात आणि मातकट होतात. विणकराला हा फरक कळणे म्हणजे महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाचणे. उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगाचा घेऊन आपल्याकडे पैठणीत जी धूपछांव साधतात, तशा रेशमी कापडांच्या दृक्परिणामांवरही शेव्रूल यांनी १८४६ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले.

रंगांना नेमकी ओळख मिळावी म्हणून त्यांनी ७२ रंगांचे चक्र केले. प्रत्येकाच्या फिक्या-गडद आणि करड्या छटा धरून संख्या १४ हजारांपुढे गेली. हे चक्र लाल, पिवळा, निळा यांवर उभे होते. मोबाइलचा पडदा लाल, हिरवा, निळा यांवर चालतो. त्यामुळे त्यांच्या हिशेबात निळ्याचा विरोधी नारिंगी, तर पडद्याच्या हिशेबात पिवळा. नियम टिकला, जोड्या थोड्या सरकल्या.

चित्रकारांनी काय घेतले?

जॉर्ज स्युरा या चित्रकाराने शेव्रूल वाचले होते. रंग पॅलेटवर कालवण्याऐवजी त्याने शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवले. ‘ला ग्रांद जात बेटावरील रविवार’ हे त्याचे प्रचंड चित्र मे १८८६ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लागले. त्याच वर्षी शेव्रूल शंभर वर्षांचे झाले.

डोळा फसतो हे दाखवणाऱ्या या माणसाने हातही फसतो हे दाखवले, याची आठवण सहसा होत नाही. दोऱ्याला टांगलेला लंबक हातात धरला की आपोआप हलतो, असा तेव्हा समज होता. शेव्रूल यांनी स्वतःवर प्रयोग केला. डोळे बांधले की लंबकाचे हलणे थांबे. आपल्याही नकळत स्नायू तो हलवत होते. हे त्यांनी १८३३ मध्ये प्रसिद्ध केले आणि १८५४ मध्ये ‘फिरत्या टेबलां’च्या प्रकाराचीही अशीच झाडाझडती घेतली. प्लँचेटवाल्यांना ते आजही अडचणीचे आहे.

शंभरीनिमित्त नादार पितापुत्रांनी घेतलेली त्यांची मुलाखत छायाचित्रांसह छापून आली. ती जगातील पहिली छायाचित्र-मुलाखत मानली जाते. ९ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी जेमतेम दहा दिवस आयफेल टॉवरचे उद्घाटन झाले होते. टॉवरवर कोरलेल्या ७२ शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या नावांत त्यांचेही नाव आहे. ती यादी ठरली तेव्हा त्यांतील दोघेच हयात होते, त्यांपैकी एक शेव्रूल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टॉवर पुन्हा रंगवताना ही सगळी नावे रंगाखाली गेली. १९८६-८७ मध्ये ती पुन्हा वर आणण्यात आली.