नगरराज्याचा घटनाकार : सर फिरोजशहा मेहता

राजगुरुनगरात नळाला पाणी आले नाही की नागरिक प्रथम नगरसेवकाला गाठतो. नगरसेवक मुख्याधिकाऱ्यांकडे बोट दाखवितो आणि मुख्याधिकारी सभेच्या ठरावाकडे. चाकण मागे टाकून इंद्रायणीपलीकडे मोशीच्या हद्दीत शिरले की नगराध्यक्षांच्या जागी महापौर येतात, मुख्याधिकाऱ्यांच्या जागी आयुक्त; प्रश्न मात्र बदलत नाही. शहराचा कारभार नेमका कोणाचा? लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा, की सरकारने धाडलेल्या अधिकाऱ्याचा? या प्रश्नाचे जे उत्तर महाराष्ट्राने कायद्यात लिहून ठेवले आहे, त्यावर एकोणिसाव्या शतकातील एका पारशी बॅरिस्टराची ठळक मुद्रा आहे.

फिरोजशहा मेरवानजी मेहता यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८६४ मध्ये ते एम. ए. झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांची त्यांच्यावर मर्जी होती. शिष्यवृत्ती मिळवून ते कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले. वकिलीत जम बसायला त्यांना वेळ लागला नाही. रुबाबदार पोशाख, करडा आवाज आणि प्रतिपक्षाला नामोहरम करणारी उपरोधाची धार ही त्यांची ओळख पुढे आयुष्यभर टिकली.

ते परतले तेव्हा मुंबईचा कारभार १८६५ च्या कायद्याने चालत होता. जस्टिस ऑफ दि पीस म्हणून सरकारने नेमलेली प्रतिष्ठित मंडळी नावाला शहराची विश्वस्त होती. प्रत्यक्षात सारी सत्ता सरकारनियुक्त आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती एकवटली होती. क्रॉफर्ड कर्तबगार होते, यात शंका नाही. रस्ते रुंद झाले, गटारे साफ होऊ लागली, त्यांच्या नावाची भव्य मंडई उभी राहिली. पण खर्चाला धरबंध उरला नाही. करांचा बोजा वाढला, तिजोरी रिकामी झाली आणि १८७१ मध्ये करदात्यांच्या संतापाचा भडका उडाला.

सारे शहर क्रॉफर्ड यांच्या विरोधात उभे असताना सव्वीस वर्षांचे मेहता त्यांची बाजू घेऊन उभे राहिले. नोव्हेंबर १८७१ मधील सभेत श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडविली. लोकांच्या बाजूचा म्हणविणाऱ्या तरुणाने सरकारी साहेबाची तरफदारी करावी, हे कोणाला रुचणार? तथापि त्यांचा मुद्दा त्या गदारोळापेक्षा खोल होता. दोष कार्यक्षम अधिकाऱ्याचा नसून त्याच्यावर लगाम ठेवायला नेमलेल्या, पण कोणालाही उत्तरदायी नसलेल्या मंडळींचा आहे, असे ते मांडत होते. कामासाठी एक समर्थ अधिकारी हवाच. पैशावर आणि धोरणावर सत्ता मात्र करदात्यांनी निवडलेल्या सभेची हवी. पुढची चाळीस वर्षे त्यांनी याच सूत्राचा पाठपुरावा केला.

१८७२ च्या कायद्याने त्या दिशेने पहिले पाऊल पडले. ६४ सदस्यांच्या महापालिकेत निम्मे म्हणजे ३२ सदस्य करदात्यांनी निवडावयाचे ठरले. मेहता या महापालिकेत दाखल झाले आणि १८८४ व १८८५ मध्ये तिचे अध्यक्षही झाले. खरी कसोटी १८८८ च्या कायद्याच्या वेळी लागली. आयुक्त ऑलिव्हंट यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या मूळ मसुद्यात आयुक्ताचे पारडे जड होते. मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग हे दोघेही त्या वेळी मुंबई कायदेमंडळावर होते. कलमाकलमावर झुंजत त्यांनी मसुद्याचा तोंडवळा पालटला. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत संमत झालेला हा कायदा मुंबईत आजही, अनेक दुरुस्त्यांसह, लागू आहे.

त्याची रचना अशी. महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त ही तीन स्वतंत्र प्राधिकरणे. कायद्याने अन्यथा सांगितले नसेल तेथे शहराच्या कारभाराची मालकी महापालिकेची. कायद्याची अंमलबजावणी करण्याची संपूर्ण कार्यकारी सत्ता आयुक्ताची. दोघांच्या मध्ये, तिजोरीच्या दाराशी, स्थायी समिती. आयुक्ताने अंदाजपत्रक मांडावे, समितीने ते तपासावे, सभागृहाने मंजूर करावे. आयुक्त सरकारने नेमायचा, पण सभागृहातील ठरावीक मोठे बहुमत विरोधात गेले तर सरकारने त्याला परत बोलवायचे. हे बहुमत आज एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश इतके आहे. सभागृहाचा अध्यक्ष, म्हणजे १९३१ पासूनचा महापौर, मानाने प्रथम नागरिक. पण फाइलवर सही आयुक्ताचीच. महापौरांच्या मोटारीवरील दिवा पाहून अधिकारांचा अंदाज बांधणाऱ्यांची पुढे नेहमीच फसगत झाली, ती यामुळे.

१९४९ मध्ये मुंबई प्रांतातील इतर महापालिकांसाठी कायदा झाला तेव्हा हाच सांगाडा उचलला गेला. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका स्थापन झाली ती याच १९४९ च्या कायद्याखाली. अगदी अलीकडे ग्रामपंचायतीचे रूप टाकलेल्या राजगुरुनगरच्या नगर परिषदेला १९६५ चा निराळा कायदा लागू आहे. तेथे नगराध्यक्षाला महापौरापेक्षा अधिक वाव आहे आणि तो थेट लोकांतून निवडला जातो. तरी सरकारी सेवेतला मुख्याधिकारी आणि निवडलेली सभा ही जोडी तेथेही आहेच. या रचनेतील एक बाजू नाहीशी झाली तर काय होते, हेही या पट्ट्याने अनुभवले. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. कर सुचविणारा आणि कर मंजूर करणारा एकच. जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत ही अवस्था राहिली. क्रॉफर्ड यांच्या हातीही एवढी मोकळीक होती की नाही, असा प्रश्न पडावा.

मेहतांच्या लोकशाहीला मर्यादा होत्या, हे नमूद करायलाच हवे. १८८८ च्या ७२ सदस्यांपैकी करदात्यांनी निवडलेले केवळ ३६; उरलेले जस्टिस, विद्यापीठ, व्यापारी मंडळ आणि सरकार यांच्या वाट्याचे. गिरण्यांमध्ये राबणारा कामगार मतदारयादीच्या बाहेर होता. प्रौढ मताधिकाराने मुंबईची पहिली पालिका निवडणूक होण्यास १९४८ साल उजाडले. लोकांच्या वतीने सुशिक्षितांनी राज्य करावे, हीच त्या पिढीची समजूत होती आणि मेहता तिचे सर्वांत आत्मविश्वासू प्रतिनिधी होते. टिळकांच्या राजकारणाशी त्यांचे कधी जुळले नाही ते काही अंशी याचमुळे.

पण सभागृहाच्या प्रतिष्ठेला कोणी धक्का लावला की हा नेमस्त पुढारी कमालीचा जहाल होई. १९०५ मध्ये युवराज मुंबईत येणार होते आणि मेहता पुन्हा अध्यक्ष होते. स्वागतसमारंभात महापालिकेच्या अध्यक्षाला त्याचे योग्य स्थान मिळाले पाहिजे, यावर ते अडून बसले आणि सरकारला नमते घ्यावे लागले. हा व्यक्तिगत मानापमानाचा खटाटोप वाटेल. मेहतांच्या दृष्टीने मात्र तो निवडलेली सभा श्रेष्ठ की नेमलेला अधिकारी, याच जुन्या वादाचा पुढचा अंक होता.

त्याची किंमत दोन वर्षांत मागितली गेली. १९०७ च्या निवडणुकीत महालेखापाल हॅरिसन यांच्या नेतृत्वाखाली काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी गट बांधला. त्यांना एका इंग्रजी दैनिकाच्या संपादकाचीही साथ होती. जस्टिसांच्या मतदारसंघातून १६ जण निवडले जायचे होते. मेहता सतरावे आले. ज्या कायद्याची कलमे त्यांनी घडविली, त्याच कायद्याने त्यांना सभागृहाबाहेर काढले असे क्षणभर वाटले. शहरात निषेधाची लाट उसळली. गोखल्यांसारखे नेते धावून आले. पुढे विजयी उमेदवारांपैकी एक जण पालिकेच्या कंत्राटातील हितसंबंधामुळे अपात्र ठरला आणि मेहता त्या जागी आले. नगरसेवकाने पालिकेचे कंत्राट घेऊ नये, हा नियमही त्याच कायद्यातला.

महापालिकेबाहेरचा त्यांचा पसारा मोठा होता. १८८५ मध्ये तेलंग आणि बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली, १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले आणि १९१३ मध्ये बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक सुरू केले. १९०१ मध्ये जमीन महसूल विधेयकाच्या निषेधार्थ कायदेमंडळातून सभात्याग करणाऱ्यांचे ते अग्रणी होते. तेव्हाच्या सरकारी सभ्यतेला हा प्रकार अगदीच नवा होता.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत गोखले गेले होते. १९२३ मध्ये महापालिका मुख्यालयासमोर मेहतांचा पुतळा उभारण्यात आला. आयुक्तांचे कार्यालय आणि सभागृह दोन्ही त्याच इमारतीत, त्यांच्या पाठीशी आहेत.