बोर्डीच्या अंगणात गाण्या-खेळांची शाळा भरवणाऱ्या ताराबाई मोडक

डहाणू : अंगणवाडी हा शब्द आज लहान पोरालाही माहीत आहे. कुठल्याही पाड्यावर जा, अंगणवाडीची खोली दाखवायला कुणाला विचारावं लागत नाही. पण हा शब्द मुंबई-दिल्लीच्या कचेरीत तयार झालेला नाही. सरकारी योजनेत येण्याच्या तीस वर्षं आधी तो आपल्या डहाणू तालुक्यात, बोर्डी गावात, गरिबांच्या घरापुढच्या अंगणात जन्माला आला. आणि त्या अंगणात सुरुवात पाटी-पेन्सिलीने झाली नव्हती. ती गाण्याने, गोष्टीने आणि खेळाने झाली होती.

हे काम उभं करणाऱ्या बाईंचं नाव ताराबाई मोडक.

मुंबईत जन्म, अमरावतीत संसार

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई दोघंही प्रार्थना समाजाच्या विचारांचे. त्यामुळे मुलीला शिकवायचं की नाही, असा प्रश्न या घरात आलाच नाही. ज्या काळात मुली चौथी-पाचवीतच घरी बसायच्या, त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

लग्न अमरावतीच्या वकील मोडकांशी झालं. संसार काही टिकला नाही. १९२१ मध्ये ताराबाई वेगळ्या झाल्या. पदरात लहान मुलगी होती, प्रभा. नवऱ्यापासून वेगळं राहणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात हे आजही खेड्यात वेगळं सांगायला नको, तेव्हा तर शंभर वर्षांपूर्वीचा काळ. पण ताराबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद स्वीकारलं. तोवर असल्या पदावर बहुतेक गोऱ्या बायकाच असायच्या.

मानाची, पक्की नोकरी होती ती. ती त्यांनी दोन वर्षांत सोडली.

वकिली सोडलेला मास्तर

राजकोटपासून भावनगर काही फार लांब नाही. तिथे गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ लहान मुलांची शाळा चालवत होते. हे गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला शिकवायचं कसं, या काळजीने ते वाचायला लागले आणि इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांच्या हाती लागले. मग वकिली सुटली ती सुटलीच. १९२० मध्ये त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं.

माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोम शहराच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं होतं. मुलाला मारायचं नाही, धाक दाखवायचा नाही, त्याच्या हाताला काम द्यायचं. ते स्वतःच शिकतं, असा त्यांचा अनुभव. त्यासाठी त्यांनी लाकडी ठोकळे, दांड्या, खरखरीत कागदाची अक्षरं अशी साधनं तयार केली होती.

ताराबाई १९२३ मध्ये मुलीला घेऊन भावनगरला आल्या आणि गिजुभाईंच्या कामात शिरल्या. या दोघांनी माँटेसरीबाईंची पद्धत घेतली, पण डोळे मिटून नाही. परीकथा आणि कल्पनेतल्या गोष्टींबद्दल माँटेसरीबाई जरा हात राखून होत्या. आपल्याकडे तर आजीच्या गोष्टीवाचून मूल झोपत नाही. म्हणून भावनगरच्या बालमंदिरात गोष्टी आल्या, लोकगीतं आली, नाटुकली आली, रास-गरबा आला. चित्र आणि मातीकाम हा रोजच्या शाळेचाच भाग झाला. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका नावाचं मासिकही काढलं. ते आधी गुजरातीत निघायचं, पुढे मराठीतही निघू लागलं आणि मराठीची जबाबदारी ताराबाईंनी उचलली.

दादरची शाळा आणि एक अडचण

ताराबाई पुढे मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. शाळा नावारूपाला आली. तिथे बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका राज्यात ठिकठिकाणी गेल्या.

सगळं छान चाललं होतं. पण ही मुलं होती शिकल्या-सवरलेल्या घरांतली. साधनं महाग, फी परवडणारी कुणाला तर पगारदाराला. देशातली बहुतेक मुलं खेड्यात, आणि गाणी-खेळांची शाळा मात्र शहरात. ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या गरीब वस्तीत झाला, ती आपल्याकडे येऊन पैसेवाल्यांची झाली होती. ही गोष्ट ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

त्यांचं वय तेव्हा त्रेपन्न. या वयात माणसं आवराआवरीला लागतात. ताराबाई नव्या कामाला लागल्या.

बोर्डीत काय घडलं

१९४५ च्या डिसेंबरात त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ. अनुताई १९१० च्या, मूळ मोरगावच्या. लहानपणी लग्न झालं आणि तेराव्या वर्षीच वैधव्य आलं. शिकून शिक्षिका झालेल्या या बाईंनी ताराबाईंबरोबर बोर्डी गाठली आणि मग मरेपर्यंत हे काम सोडलं नाही.

बालवाडी उघडली. गावातली बरी घरची मुलं येऊ लागली. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती दलित वस्तीतली आणि गरिबांची मुलं येईनात. कारणं उघड होती. आई-बाप पहाटे मजुरीला जायचे. पोराला अंघोळ घालून, कपडे घालून शाळेत सोडायला घरी होतं कोण? शिवाय पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या पोरांनी गावातल्या शाळेत सहज यावं तरी कसं?

तेव्हा ताराबाईंनी आई-बापांना दोष दिला नाही. पोरं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच वस्तीत न्यायची, असं ठरलं. बाया वस्तीत गेल्या. एखाद्या घरापुढचं अंगण झाडलं. पोरांना अंघोळी घातल्या, नखं काढली, केस विंचरले. मग त्याच अंगणात गोल करून गाणी सुरू झाली. अंगणात भरणारी वाडी म्हणून तिचं नाव पडलं अंगणवाडी.

चिंचोके, शिंपले आणि चिखल

शहरातली महाग साधनं इथे आणायची कुठून? ताराबाईंनी आजूबाजूला बघितलं. बोर्डीला समुद्र आहे, झाडं आहेत, माती आहे. मग शिंपले, खडे, चिंचोके, बिया, पानं, फुलं, माती हीच साधनं झाली.

वरवर बघणाऱ्याला हा नुसता खेळ वाटेल. पोरगं शाळेत जाऊन खेळणारच असेल तर पाठवायचं कशाला, असं म्हणणारे आई-बाप आजही आहेत. पण या खेळात काय दडलंय ते नीट बघायला हवं. लहान-मोठे शिंपले वेगळे लावले की मूल लहान-मोठं शिकतं, तेच पुढे गणित होतं. चिंचोके मोजून पाच-पाचच्या ढिगात ठेवले की बेरीज हाताला कळते. बिया दोऱ्यात ओवल्या, मातीचे बैल केले की बोटं तयार होतात, आणि तीच बोटं पुढे पेन्सिल नीट धरतात. जमिनीवर काढलेल्या रेघेवरून चालताना तोल सांभाळता येतो. गाणं म्हणताना शब्द पाठ होतात. घरी एक बोली आणि पुस्तकात दुसरी भाषा असलेल्या मुलाला तर गाण्यातूनच नवी भाषा आपली वाटू लागते. आणि गोलात नाचताना शेजारच्याचा हात धरावाच लागतो, मग तो कुठल्याही जातीचा असो.

ताराबाईंचं म्हणणं थोडक्यात एवढंच होतं. गाणं, खेळ, चित्र हे अभ्यास झाल्यावर उरलेल्या वेळेत करायचं काम नाही. लहान मुलाचा अभ्यास त्यातूनच होतो.

कोसबाडची टेकडी आणि कुरणशाळा

१९५७ मध्ये हे केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथे सभोवती वारली पाडे. इथली अडचण आणखी वेगळी होती. सात-आठ वर्षांची पोरगी घरच्या तान्ह्या भावाला कडेवर घेऊन फिरायची. पोरगा गुरं वळायचा. ही मुलं शाळेत आली तर घरचं काम अडायचं. नुसतं शिक्षणाचं महत्त्व सांगून तो प्रश्न सुटणारा नव्हता.

त्यावर दोन उपाय निघाले. एक, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. याला नाव दिलं विकासवाडी. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात. भावाला सांभाळायचं म्हणून आता कुणाची शाळा बुडायची गरज राहिली नाही.

दुसरा उपाय म्हणजे कुरणशाळा. गुराखी पोरं कुरणात असतात, तर शिक्षकानेच कुरणात जायचं. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली जमलीत, आधी खेळ, मग गाणी, मग गोष्ट, आणि त्यातूनच हळूहळू अक्षरं आणि आकडे. गुरांवर नजरही राहते आणि शिक्षणही होतं.

वारली घरात तारप्याच्या तालावर नाचणं आणि लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणं पिढ्यान्‌पिढ्या आहे. अशा घरातल्या मुलाला हात बांधून, तोंड मिटून बसायला लावलं तर ते पळणारच. नाच-गाण्याची शाळा मात्र त्याला परकी वाटत नाही.

मान मिळाला, पण काम टेकडीवरच

ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिला. पण मन रमलं ते कोसबाडलाच. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे अनुताईंनी काम सांभाळलं, त्यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये अनुताईही गेल्या.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातला शब्द देशभर गेला.

नाव गेलं, पण सगळं काम त्याच्याबरोबर गेलं असं म्हणता येणार नाही. अंगणवाडीत आहार, वजन, लसीकरण होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण नोंदी आणि वाटपाच्या रगाड्यात गाणी-खेळ मागे पडतात. पुढे प्राथमिक शाळेत परीक्षा जवळ आली की आधी खेळाचा तास जातो, मग चित्रकलेचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लहान वर्गांत खेळातून शिक्षण हवं आणि कला-खेळ अभ्यासापासून वेगळे मानू नयेत, असं सांगितलं आहे. बोर्डी-कोसबाडला हे सत्तर वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं, तेही चिंचोक्यांच्या खर्चात.

सरकारी शाळेत आता पालकांची शाळा व्यवस्थापन समिती असते. पुढच्या बैठकीत खिचडी आणि गणवेशाबरोबर आणखी एक गोष्ट विचारता येईल. आपल्या पोरांचा खेळाचा, गाण्याचा आणि चित्राचा तास वेळापत्रकात आहे का, आणि असेल तर तो खरंच भरतो का? त्यासाठी निधीची वाट बघायची गरज नाही. अंगण आहे, माती आहे, चिंचोकेही आहेत.