राजाच्या नावाने



नोव्हेंबर महिना आला की आपण आपल्या मृतांची नावे कागदावर लिहून वेदीपाशी ठेवतो. त्यात लहान मुलांचीही नावे असतात. ज्या घरातून मूल गेले आहे, त्या घरातली माणसे मिस्सा संपल्यावरही थोडा वेळ बाकावर बसून राहतात, हे आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहे. यंदा आम्हांला याच पुण्यातल्या एका बापाची हकीगत सांगावीशी वाटते. ते आपल्या धर्माचे नव्हते. पण त्यांनी आपल्या मुलाचे नाव ज्या रीतीने राखले, तिचा लाभ आपल्या मुलांनाही होतो आहे.

दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे पुण्याचे काका केळकर. जन्म १० जानेवारी १८९६ चा. धंदा चष्म्यांचा. शिवाय ते कवी होते आणि 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत. चष्म्याच्या दुकानात बसून माणूस कवितांचा संसार करू शकतो, हे पुण्यात कुणाला नवल वाटण्यासारखे नव्हते. नवल पुढे घडले. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला आणि तो जवळजवळ सत्तर वर्षे सुटला नाही.

तलवारी, नाणी, राजांच्या तसबिरी जमवणारे हौशी लोक तेव्हाही होते. काकांचे मन मात्र घरातल्या रोजच्या वस्तूंवर बसले. समया, लामणदिवे, सुपारी कातरायचे अडकित्ते, पानाचे डबे, दौती, कुलपे, फण्या, न्हाणीघरात पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी, लाकडी कोरीव दरवाजे, वाद्ये, सोंगट्या आणि मुलांची खेळणी. अडकित्ता म्हणजे काय, तर सुपारी कातरायचे दोन पात्यांचे हत्यार. पण कुणा कासाराने त्याला घोड्याचा आकार दिला, कुणी पक्ष्याचा, कुणी जोडीने उभ्या असलेल्या स्त्रीपुरुषांचा. सुपारी तर साध्या पात्यांनीही कातरली गेली असती. ज्या कारागिराने एवढे श्रम घेतले त्याचे नाव कुठेही कोरलेले नाही.

अशा वस्तू नाहीशा व्हायला फार काळ लागत नव्हता. घरात वीज आली आणि समई माळ्यावर गेली. पुढे स्टीलची भांडी आली आणि माळ्यावरचे पितळ मोडीत निघाले. मोडीत फक्त वजन बघतात, नक्षीचा पैसा मिळत नाही. शंभर वर्षे वापरलेला दिवा एका दुपारी वितळून जातो. पुण्यातले वाडेही एकेक करून पडू लागले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतून कितीतरी घरांचा संसार चिखलात गेला. आम्ही दुसऱ्यांना नावे ठेवीत नाही. आमच्या स्वतःच्या आजीचा पितळी अडकित्ता आणि तिचे पाणी तापवायचे घंगाळ आम्हीच मोडीत घालून दोन स्टीलचे डबे घेतले होते. ते डबेही आता नाहीत.

काका अशा वस्तूंमागे देशभर हिंडले. महाराष्ट्रात तर फिरलेच, पण गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडच्या वस्तूही त्यांनी आणल्या. यामागे संस्थानिकाचा खजिना नव्हता, दुकानदाराची कमाई होती. पत्नी कमलाबाईंची साथ नसती तर हे झालेच नसते. ज्या बाईच्या घरात पाहुण्यापेक्षा जुने दरवाजे अधिक येतात, तिने काय सोसले असेल हे आपल्या भगिनींना सांगायला नको. संग्रहाच्या कौतुकात त्यांचे नाव मागे पडते. ते आम्हांला बरे वाटत नाही.

या दोघांचा मुलगा राजा. तो अवघ्या सातव्या वर्षी गेला. असे दुःख झाल्यावर माणूस एक तर सगळे सोडून देतो, नाही तर हातातल्या कामाला घट्ट धरतो. काका-कमलाबाईंनी काम धरले आणि त्याला मुलाचे नाव दिले. १९६२ साली घरातल्या या संग्रहाला संग्रहालयाचे रूप आले, तेच 'राजा दिनकर केळकर संग्रहालय'. बाहेरगावचे पुष्कळ लोक हा राजा म्हणजे कुणी संस्थानिक असावा असे समजतात. तो सात वर्षांचा मुलगा होता.

कोथरूडला मस्तानीचा महाल होता. तो मोडकळीस आल्यावर त्याचे अवशेष काकांनी मिळवले आणि संग्रहालयात महाल पुन्हा उभा केला. लोक तो बघायला मुद्दाम येतात. आम्हांला विचाराल तर दिव्यांपाशी आणि अडकित्त्यांपाशी अधिक वेळ द्यावा.

मग १९७५ साली काकांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याला देऊन टाकला. वीस हजारांच्या आसपास वस्तू. एकेक वस्तू कुठून आणली आणि कशी मिळाली हे ज्याला तोंडपाठ असेल, त्याने ती दुसऱ्याच्या स्वाधीन करणे सोपे नसते. पण घरात राहिलेला संग्रह पुढच्या वाटणीत फुटतो, हे आपण साध्या शेतजमिनीतही पाहतो. १७ एप्रिल १९९० रोजी काका वारले. वय ९४.

आपल्या ख्रिस्ती समाजालाही असे नुकसान ठाऊक आहे. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे, आणि त्यांवरून १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. त्या पोथ्या ज्यांनी उतरवल्या आणि पावसापाण्यातून जपल्या, त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

संग्रहालयात मात्र एक गोष्ट मिळत नाही. वस्तू काचेआड आहे, तिच्याखाली तिचे नाव आहे, पण ती हातात धरायची कशी हे काच सांगत नाही. मागे आम्ही धर्मशिक्षणाच्या मुलांना घेऊन गेलो होतो. वज्रीपुढे एक मुलगी बराच वेळ उभी राहिली आणि हा कसला खेळ म्हणून विचारू लागली. आमच्याबरोबर तिची आजी होती. आजीने चप्पल काढली, तिथेच भिंतीला टेकून एक पाय उचलला आणि टाच कशी घासायची ते करून दाखवले. सगळी मुले हसली. नंतर दोघीतिघींनी आजीला पुढच्या कपाटातल्या वस्तूंकडे हाताला धरून नेले.

संग्रहालय बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत, शुक्रवार पेठेत आहे. आत पायऱ्या पुष्कळ आहेत. तरीही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्यावे, आणि दुपारच्या जेवणाची घाई ठेवू नये.