बंदुकीआधी तालीम : लहुजी वस्तादांचा धडा

करमाड (प्रतिनिधी) : परवान्याची बंदूक घरात आली, की घर सुरक्षित झाले, असा समज शहरात आणि शहरालगतच्या गावांतही रूढ आहे. छत्रपती संभाजीनगर-जालना मार्गावरील करमाडसारख्या, एकीकडे शेतवस्त्या आणि दुसरीकडे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत असलेल्या परिसरात स्वसंरक्षणासाठी शस्त्राचा विचार मनात येणे स्वाभाविकही आहे. मात्र शस्त्र हाती असणे आणि ते सांभाळण्याची कुवत अंगी असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुण्यातील आपल्या तालमीत कुस्ती व दांडपट्ट्याच्या जोडीने निशाणबाजी शिकविणाऱ्या लहुजी राघोजी साळवे यांचे चरित्र याच कारणासाठी आजच्या शस्त्रधारकाने वाचण्याजोगे आहे.

खडकीची लढाई

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या पेठ या गावी, मातंग समाजात झाला. साळवे घराणे पिढ्यान्पिढ्या शस्त्रविद्येसाठी ओळखले जाई. वडील राघोजी हे पेशव्यांच्या पदरी होते. शस्त्रे चालविण्याचे पहिले पाठ लहुजींना घरातच मिळाले.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशव्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य समोरासमोर आले. पेशव्यांचे सैन्य कंपनीच्या सैन्याच्या कित्येक पटींनी मोठे होते. तरीही दिवसअखेर सरशी कंपनीची झाली. मराठ्यांचे घोडदळ दलदलीत अडकले आणि कंपनीच्या शिपायांनी रांग न मोडता नेमक्या वेळी बंदुका झाडल्या. याच लढाईत राघोजी साळवे धारातीर्थी पडले, असे परंपरा सांगते. त्या वेळी लहुजी तेवीस वर्षांचे होणार होते. त्यानंतर बाराच दिवसांनी, १७ नोव्हेंबर रोजी शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण चढले. लहुजींनी आजन्म अविवाहित राहून परकी सत्तेविरुद्ध तरुण घडविण्याचा संकल्प सोडला.

खडकीच्या पराभवावरून केवळ बंदूक श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. परंतु त्या काळची बंदूक ठासणीची होती. दारू भरायची, गोळी ठासायची, मग बार काढायचा. कसलेला शिपाईसुद्धा मिनिटाला दोन-तीन बारांपलीकडे जात नसे. दोन बारांमधल्या वेळात शत्रू अंगावर आला, तर उपयोग व्हायचा तो संगिनीचा, मनगटाचा आणि पायांच्या पवित्र्याचा. कंपनीच्या शिपायाचे बळ त्याच्या बंदुकीइतकेच त्याच्या कवायतीतही होते.

गंज पेठेतील तालीम

१८२२ च्या सुमारास लहुजींनी पुण्यात तालीम सुरू केली. गंज पेठेतील, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेतील ही तालीम आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. कुस्ती, दांडपट्टा, तलवारबाजी, घोडेस्वारी आणि बंदुकीची निशाणबाजी असे तेथील शिक्षण होते. यातील अनुक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. तालमीच्या रीतीप्रमाणे आधी माती, जोर-बैठका आणि कुस्तीचे डाव यांनी शरीर तयार होते. हत्यार त्यानंतर हाती येते. कुस्ती खेळलेल्या माणसाला समोरच्याचा तोल कोणीकडे झुकला आहे, हे अंगस्पर्शानेच कळते. मनगट पकडले गेले तर ते कसे सोडवावे, खाली पडल्यावर कसे उठावे, दम कसा टिकवावा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. शस्त्र हिसकावले जाण्याच्या प्रसंगी नेमके हेच उपयोगी पडते.

जातिभेदाच्या त्या काळात मातंग वस्तादाच्या हाताखाली सर्व जातींचे तरुण शिकत होते, ही गोष्टही सामान्य नव्हे. जोतीराव फुले यांनी तरुणपणी दांडपट्टा व निशाणबाजीचे धडे लहुजीबुवांकडे घेतल्याची नोंद त्यांच्या चरित्रकारांनी केली आहे. पुढे १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली आणि नंतर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठीही शाळा सुरू केल्या, तेव्हा लहुजींनी वस्तीवस्तीत फिरून मुले शाळेत आणण्यास साह्य केले. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये आपला निबंध प्रसिद्ध करणारी मुक्ता साळवे ही त्यांच्याच घराण्यातील मानली जाते.

उपसलेल्या शस्त्रापुढे

लहुजींच्या शिष्याची खरी परीक्षा १८५६ मध्ये झाली. फुले यांच्या कार्याने चिडलेल्यांनी त्यांना ठार मारण्यासाठी रोडे आणि धोंडीराम नामदेव कुंभार या दोघांना पाठविल्याचा प्रसंग सर्वश्रुत आहे. मध्यरात्री मारेकरी घरात शिरले. फुले जागे झाले. दांडपट्टा आणि नेम या दोन्ही विद्या अवगत असलेला हा माणूस हत्याराकडे धावला नाही. त्याने शांतपणे त्यांना येण्याचे कारण विचारले आणि आपल्या मरणाने त्यांच्या लेकराबाळांचे भले होणार असेल तर आपली तयारी असल्याचे सांगितले. दोघेही वरमले. पुढे रोडे त्यांचा अंगरक्षक झाला आणि धोंडीराम शिकूनसवरून सत्यशोधक चळवळीचा विद्वान कार्यकर्ता बनला.

या घटनेचे श्रेय अर्थातच फुले यांच्या करुणेला आहे. तथापि, भीतीने गांगरलेल्या माणसाला करुणा सुचत नाही. समोर धारदार हत्यार असताना श्वास आणि वाणी स्थिर ठेवण्याची सवय तालमीत लागते. घाबरलेल्या हाती बंदूक असती, तर त्या रात्री किमान एक प्रेत पडले असते.

लहुजींचे दुसरे विख्यात शिष्य वासुदेव बळवंत फडके. लष्करी हिशेब खात्यातील या कारकुनाने दुष्काळाने पिचलेल्या रयतेची दैना पाहून १८७९ मध्ये सशस्त्र बंड उभारले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये ब्रिटिशांनी शस्त्र कायदा करून परवान्याविना शस्त्र बाळगण्यास बंदी केली होती. सरकारला बंदूक काढून घेता आली. तालमीत कमावलेली विद्या काढून घेता आली नाही. जुलै १८७९ मध्ये देवर नावडगी येथे, आजारी आणि थकलेल्या अवस्थेत फडके मेजर डॅनियल यांच्या हाती लागले. या शोधात निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक हेही सामील होते. करमाडसह सारा मराठवाडा तेव्हा निजामाच्याच अमलाखाली होता. एडनच्या तुरुंगात कोणतेही शस्त्र नसताना फडक्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून पलायन केले. ते पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांचे वस्ताद लहुजी दोन वर्षे आधी, १७ फेब्रुवारी १८८१ रोजीच निवर्तले होते. पुण्यात संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे.

आजच्या परवानाधारकासाठी

आजची बंदूक ठासावी लागत नाही. पण जवळून होणाऱ्या हल्ल्यात वेळेची टंचाई तशीच आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की सुराधारी माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. कमरेचे पिस्तूल काढून नेम धरण्यास कसलेल्या माणसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. घराच्या ओसरीत किंवा मोटारीच्या दाराशी तर २१ फूटही मिळत नाहीत. तेथे पहिला प्रतिकार हातांनीच करावा लागतो आणि हल्लेखोराचा पहिला झटका पुष्कळदा बंदुकीवरच असतो.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा दिलेली नाही. ज्याच्याकडे बंदुकीखेरीज दुसरा उपायच नाही, तो साध्या धक्काबुक्कीतही एकतर हतबल होतो किंवा अपराधी ठरतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी शस्त्र हाताळणी व सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते आवश्यकच आहे, परंतु त्यात शस्त्राची ओळख होते. अंग तयार व्हायचे ते तालमीत, ज्युदोच्या वर्गात किंवा कुस्तीच्या आखाड्यातच.

लहुजींनी बंदूक कधी नाकारली नाही. ती तालमीच्या आवारात आणून, कुस्ती व पट्ट्याच्या शेजारी ठेवून शिकविली. परवान्याचा अर्ज भरणाऱ्याने त्याच सुमारास जवळच्या तालमीतही नाव नोंदवावे, इतका साधा बोध त्यांच्या चरित्रातून घेता येतो.