उल्केचे लोखंड शोधताना आयुष्य संपले: कोण होते डॅनियल बॅरिंजर?

बुलढाण्याचे लोणार सरोवर अनेक वर्षे ज्वालामुखीचे विवर समजले जात होते. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या सव्वा किलोमीटर रुंद खड्ड्याबाबतही तेच झाले. भोवती लोखंडाचे तुकडे विखुरलेले असूनही नामवंत भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी तो वाफेच्या स्फोटाने पडल्याचा निष्कर्ष काढला होता.

बॅरिंजर यांना हे पटले नाही. १८६० चा जन्म, आधी वकिली, मग चांदीच्या खाणीतून कमाई. खड्डा उल्केचाच आणि तळाशी कोट्यवधी टन लोखंड गाडलेले, असा त्यांचा हिशेब. १९०३ मध्ये कंपनी काढून त्यांनी खोदकाम सुरू केले. पाव शतक पैसा ओतला, लोखंडाचा साठा काही सापडला नाही.

१९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मोल्टन यांनी गणित मांडले. उल्का जेमतेम तीन लाख टनांची होती आणि आदळताच तिची बहुतेक वाफ झाली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला हृदयविकाराने बॅरिंजर गेले.

खड्ड्याबाबत ते बरोबर होते, चुकले फक्त लोखंडाबाबत. सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगाने येणारी उल्का जमिनीत रुतून बसत नाही, तिचा स्फोट होतो. त्यामुळे सुमारे ५० मीटरची उल्काही शहर उद्ध्वस्त करू शकते. लोणारच्या बसाल्ट खडकात अशा धक्क्याने झालेली काच सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले.