डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ : कर्करोगाला लवकर गाठणारा माणूस

कर्करोग म्हटलं की पोटात गोळा येतो ना? पण तो लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. मग शरीरात लपलेला आजार त्रास सुरू व्हायच्या आधी शोधायचा कसा? या प्रश्नामागे आयुष्य घालवणाऱ्या डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांची आज ओळख करून घेऊया.

त्यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील कीमी या गावी झाला. वडील डॉक्टर होते. जॉर्ज यांनी अथेन्सला वैद्यकीय शिक्षण घेतले आणि म्युनिकला डॉक्टरेट मिळवली. १९१३ मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासह अमेरिकेत आले. खिशात पैसे जेमतेम! एवढा शिकलेला माणूस, पण न्यूयॉर्कच्या एका दुकानात गालिचे विकायला उभा राहिला. मेरीबाई तिथेच बटणे शिवायच्या.

१९१४ पासून ते कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करू लागले. आपल्या शरीरातून जुन्या पेशी सतत गळत असतात. त्या पेशी ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत. आधी गिनीपिगच्या, मग माणसांच्या. मेरीबाईंनी तर वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने तपासायला दिले. पुढे काही स्त्रियांच्या नमुन्यांत त्यांना कर्करोगाच्या पेशी दिसल्या!

१९२८ मध्ये त्यांनी हा शोध मांडला, पण डॉक्टरांनी फारसा मनावर घेतला नाही. गाठीचा तुकडा काढून तपासता येतो, मग हे कशाला, असं त्यांना वाटलं. पण बघा, तुकडा काढायला आधी संशय यावा लागतो, आणि संशय येईपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. पापानिकोलाऊ काम करत राहिले. १९४१ मध्ये डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत त्यांनी निबंध प्रसिद्ध केला आणि १९४३ मध्ये पुस्तक. तेव्हा कुठे जगाला पटलं. हीच आजची 'पॅप' तपासणी! जिथे ती नियमित होऊ लागली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज मोठ्या आतड्याचा कर्करोग रक्तातून शोधतात, त्यामागेही असाच विचार आहे. गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे रक्तात मिसळतात, ते यंत्र हुडकते. २०२४ मध्ये अमेरिकेने ४५ वर्षे व त्यापुढील लोकांसाठी अशा एका चाचणीला मान्यता दिली. मात्र तिच्यात शंका आली तर दुर्बिणीने आतडे तपासावेच लागते. शिवाय कर्करोग होण्याआधीच्या लहान गाठी या चाचणीत बऱ्याचदा सुटतात, बरं का!

मित्रांनो, आपल्या घरी आई, आजी दुखणं अंगावर काढतात. आज घरी गेल्यावर त्यांना ही गोष्ट नक्की सांगा. त्रास नसतानाही तपासणी करून घेण्यात घाबरण्यासारखं काही नाही, शहाणपणच आहे.