रेव्हरंड ना. वा. टिळक : बालभावाची श्रद्धा आणि तिचे मोल

ख्रिस्ती शुभवर्तमानांत दोन प्रसंग जवळजवळ आढळतात. शिष्यांमध्ये श्रेष्ठ कोण असा वाद निघाला असता येशू एका बालकाला मध्ये उभे करतो. पुढे लोक आपली लेकरे त्याच्याकडे आणू लागतात आणि शिष्य त्यांना अडवतात, तेव्हा देवाचे राज्य अशांचेच आहे असे तो बजावतो. या प्रसंगांचा अर्थ बहुधा बालकाच्या निष्पापपणाकडे किंवा भोळेपणाकडे बोट दाखवून लावला जातो. परंतु त्या काळच्या समाजात बालकाला प्रतिष्ठा नव्हती, हक्क नव्हता, स्वतःची मिळकतही नव्हती. त्याला जे मिळे ते दुसऱ्याच्या हातून मिळे. आपल्यापाशी दाखविण्याजोगे पुण्य नाही हे ओळखून घेणाऱ्याचा हात पुढे करणे, हा त्या दृष्टान्ताचा गाभा होय. पौलानेही करिंथकरांस लिहिताना दुष्टतेच्या बाबतीत बालक राहण्यास सांगितले, पण समजुतीच्या बाबतीत प्रौढ होण्यास सांगितले आहे. बालभाव आणि बालिशपणा यांतील हे अंतर मराठीत कोणाच्या आयुष्यात तपासून पाहायचे झाल्यास रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याइतके बोलके चरित्र दुसरे सापडणे कठीण आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे, तर आई जानकीबाई भाविक व मृदू होत्या. आईचे छत्र लहानपणीच हरपले. त्यानंतर नारायणाने घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचे संस्कृतचे अध्ययन झाले. इंग्रजी शिक्षण मात्र अर्धवट राहिले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही त्यांची पत्नी झाली. तीच पुढे मराठी वाङ्मयात लक्ष्मीबाई म्हणून प्रसिद्ध पावली. शिक्षक, पुराणिक, कीर्तनकार अशा नाना भूमिकांतून गावोगाव हिंडल्यावर टिळक नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास राहिले आणि तेथे वैदिक ग्रंथांच्या संपादनाचे काम करू लागले.

ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते, कारण टिळकांची श्रद्धा अज्ञानातून उपजली, असे म्हणण्यास ती जागा ठेवीत नाही. ते वादपटू होते, शास्त्रे जाणत होते. जातिभेद व मूर्तिपूजा यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि भारतासाठी एखादा नवाच धर्म स्थापावा असा विचारही त्यांच्या मनात घोळत होता. म्हणजे धर्माच्या प्रांतात ते घेणारे नव्हते, देणारे होऊ पाहत होते. बालभावापासून याहून दूरची भूमिका कल्पिता येणार नाही.

या भूमिकेला तडा गेला तो एका रेल्वेप्रवासात. राजनांदगावास जात असता डब्यात एका युरोपीय गृहस्थाची गाठ पडली. त्याचे नावही टिळकांना कधी कळले नाही. त्याने त्यांना ख्रिस्ती धर्मग्रंथाची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. टिळकांनी ग्रंथ वाचावयास घेतला तो चिकित्सकाच्या बाण्याने. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. तत्त्वज्ञानातील ज्या प्रश्नांची उत्तरे ते शोधीत होते ती त्यांना तेथे भेटली. ज्याला स्वतः धर्म घडवायचा होता त्याने तो दुसऱ्याच्या हातून स्वीकारला, हे त्या परिवर्तनाचे मर्म आहे. बुद्धी टाकून देण्याचा प्रकार येथे घडला नाही. बुद्धीच्या अभिमानाची जागा तेवढी बदलली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या स्वीकाराची किंमत मात्र एकट्या टिळकांनी मोजली नाही. ते जातीबाहेर गेले, पण सर्वांत मोठा आघात लक्ष्मीबाईंवर झाला. पतीच्या धर्मांतराची वार्ता त्यांना आपल्या माणसांत राहत असता कळली. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी सुमारे साडेचार-पाच वर्षे पतीपासून दूर काढली. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. पुढे त्या अहमदनगरकडे (आजचे अहिल्यानगर) पतीजवळ आल्या, तरी त्यांचे सोवळेओवळे त्यांनी लगेच सोडले नाही. जातिभेद ईश्वराचा की मनुष्याचा, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडविला आणि मगच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा मार्ग ग्रंथातून गेला, लक्ष्मीबाईंचा स्वयंपाकघरातून आणि पाणवठ्यावरून. दोघांनाही आपापला मोठेपणा खाली ठेवावा लागला, हे साम्य मात्र महत्त्वाचे आहे.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत असता टिळकांना एक उणीव जाणवली. मराठी चर्चमधील गायनाचा मोठा भाग परकीय चालींवर बेतलेला व भाषांतरित होता. ख्रिस्तापुढे लेकरू होण्यास सांगणाऱ्या धर्मात लेकराची स्वतःची बोली नव्हती. ही बोली टिळकांना वारकरी परंपरेत सापडली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. तुकारामांच्या अभंगांत विठ्ठल ही माउली आहे. तिच्याशी भांडता येते, रुसता येते, तिच्याकडे हट्ट धरता येतो. टिळकांनी हे नाते ‘अभंगांजली’तील रचनांत ख्रिस्ताकडे वळविले आणि ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली. शुभवर्तमानांत देवाला पिता म्हटले असले तरी ही हाक उपरी ठरत नाही; पिलांना पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची उपमा येशूने यरुशलेमेसंबंधी बोलताना स्वतःलाच दिली आहे. लहानपणी आई गमावलेल्या कवीच्या ठायी या हाकेला जिव्हाळ्याचा वेगळा अर्थ असणे स्वाभाविक आहे; तथापि तिचे वाङ्मयीन बळ परंपरेतून आलेले आहे, हे विसरता येत नाही.

टिळक फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखले जातात, आणि त्यांच्या घरात मुलांचा राबता असे. बालकवी ठोमरे (१८९०–१९१८) यांनाही या घराने काही काळ माया दिली. परंतु मुलांवर प्रेम करणे आणि देवापुढे मूल होणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरीची कसोटी कवितेत लागत नाही. ती व्यवहारात लागते.

या बाबतीत ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–१९३६) हा अमोल पुरावा ठरतो. लक्ष्मीबाईंनी रंगविलेले टिळक क्षणात संतापणारे, क्षणात विरघळणारे, हातातील पैसा समोरच्याची गरज पाहून देऊन टाकणारे आहेत. उद्याची चिंता करू नये ही प्रवचनातील शिकवण त्यांनी अक्षरशः घेतली. उद्याच्या पिठामिठाची चिंता मग घरात दुसऱ्या कोणाला तरी वाहावी लागली. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात, पण त्या हसण्याखालचा भार वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही. टिळकांच्या वागण्यात बालभाव कोठे संपतो आणि बालिशपणा कोठे सुरू होतो, हे ठरविणे चरित्रकाराला अनेकदा अवघड जाते. त्यांच्या निश्चिंतपणाला भक्ती म्हणताना त्याखाली खांदा देणारीचे नाव गाळले, तर ते चरित्र अपुरे राहील.

अखेरच्या पर्वात टिळकांनी या वृत्तीचा शेवटचा निष्कर्ष स्वतःला लावून घेतला. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताभोवती बंधू म्हणून बसता यावे, ही त्यामागची कल्पना होती. शिष्यांनी दारात अडविलेल्या लेकरांना आत घेण्याचाच तो प्रकार म्हणता येईल. प्रयोग रुजण्यास अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले.

‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य पहिल्या काही अध्यायांवरच थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीने त्यात साठांहून अधिक अध्यायांची भर घातली. टिळकांनी विद्वत्तेचा अभिमान सोडून घेणाऱ्याची जागा पत्करली, आणि लक्ष्मीबाईंनी घर सांभाळता सांभाळता त्याच जागी पोचून त्यांचे अपुरे काम हाती घेतले. ख्रिस्ती धर्मातील बालभाव म्हणजे प्रौढाच्या जबाबदारीतून सुटका नव्हे, तर जबाबदारी वाहत असतानाही आपण दुसऱ्याच्या हातून घेणारे आहोत याचे भान होय, असा अर्थ या दोन आयुष्यांतून मिळून निष्पन्न होतो. एकट्या टिळकांच्या चरित्रातून तो पुरता हाती लागत नाही.